गोदातीरींचे परके शेजारी

नाशिकाहून त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूच्या स्मरणांत सातपूर हें गांव सहसा राहत नाहीं. ब्रह्मगिरीच्या ओढीनें तो पुढें निघून जातो. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, पुढें येथील शेतांवर कारखाने उभे राहिले, आणि १९८२ सालीं नाशिकास महानगरपालिका झाल्यावर हें गांव तिच्या पोटांत गेलें. आतां येथील दिवस देवळाच्या घंटेनें नव्हे, पाळीच्या भोंग्यानें सुरू होतो. असें असलें तरी या रूक्ष ठिकाणाचा एक गुण आहे. येथें मुक्काम ठेवून दोन दिवस आसपास हिंडलें, तर परकीय माणसें या गोदातीरीं येऊन कशीं राहिलीं, याचा दोन हजार वर्षांचा इतिहास पायांखालून जातो. परदेशीं राहण्याचा विषय हल्लीं घरोघरीं निघत असल्यामुळें ही फेरी वाचकांसहि घडवावी, असें मनांत आलें.

सातपूराच्या दक्षिणेस त्रिरश्मि पर्वत आहे. तेथील लेण्यांस आपले लोक पांडवलेणीं म्हणतात. वस्तुतः तीं बौद्ध भिक्षूंचीं वसतिस्थानें. त्यांतील सतराव्या लेण्यांत एक प्राकृत लेख आहे. तें लेणें कोरविणारा गृहस्थ स्वतःस यवन म्हणवितो, म्हणजे ग्रीक वंशाचा. आणि उत्तरेकडील दात्तामित्री नगरीचा रहिवासी म्हणवितो. पण त्याचें नांव पाहावें, तर इन्द्राग्निदत्त! बापाचें नांव धर्मदेव, मुलाचें धर्मरक्षित. तीन पिढ्यांत एकहि नांव परकें नाहीं. दहाव्या लेण्यांत शक उषवदाताचा लेख आहे. हा नहपान क्षत्रपाचा जांवई. यानें तीन लाख गाई दान दिल्या, देवब्राह्मणांस सोळा गांवें दिलीं. मौज अशी कीं, त्याच डोंगरावर तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्री आपला पुत्र शक, यवन व पह्लव यांचा निःपात करणारा होता म्हणून गौरवानें सांगते. ज्यांचा निःपात केला म्हणून बढाई, त्यांच्याच दानाचे लेख हाकेच्या अंतरावर आहेत, आणि ते कोणीं पुसून टाकलेले नाहींत. आमच्या पूर्वजांच्या या औदार्याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली व नाशिक इंग्रजांच्या हातीं गेलें. हे मात्र कोणी इन्द्राग्निदत्त झाले नाहींत. होण्याचें कारणहि नव्हतें. नोकरीचीं वर्षें भरलीं कीं पेन्शन घेऊन विलायतेस जावयाचें, हें येतांनाच ठरलेलें असे. साहेबाचा दिवसहि तसाच आखलेला असे. उजाडतां छोटी हजेरी, मग घोड्यावरून रपेट, त्यानंतर न्याहारी व कचेरी, दुपारीं टिफिन, सायंकाळीं टेनिस आणि क्लब, रात्रीं पोशाख बदलून जेवण. थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन दौरा. दिमतीस खानसामा, भिस्ती, माळी, मोतद्दार, पंखेवाला. हा थाट पाहून आमच्या लोकांचे डोळे दिपत. पण त्या बंगल्यांतील एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत येत नसे. मूल सहासात वर्षांचें झालें कीं त्यास आगबोटींत बसवून विलायतेस धाडीत, आणि मग आईबापांस तें कित्येक वर्षें दृष्टीस पडत नसे. चुलत्यामालत्यांच्या मांडीवर वाढलेल्या आमच्या वाचकांनीं क्षणभर त्या माउलीच्या ठिकाणीं आपणांस कल्पून पाहावें.

या लोकांचें आमच्याविषयीं मत काय होतें? सामान्यतः तें चांगलें नव्हतें. हे लोक खरें बोलत नाहींत, वेळ पाळीत नाहींत, भीड फार घालतात, हीं वाक्यें त्यांच्या पुस्तकांतून व पत्रांतून पुनःपुन्हां भेटतात. फ्लोरा अ‍ॅनी स्टील व ग्रेस गार्डिनर या दोन बाईंनीं १८८८ सालीं हिंदुस्थानांतील संसारावर एक मोठें पुस्तक लिहिलें. त्यांत नोकरांस लहान मुलांप्रमाणें वागवावें असा उपदेश आहे. मात्र त्यांची भाषा शिकलीच पाहिजे, असाहि आग्रह आहे. आमच्या मतें या सगळ्याचें मूळ सोपें आहे. साहेबास आमचीं माणसें भेटत तीं दोनच तऱ्हेचीं : एक पगार घेणारीं, दुसरीं अर्ज घेऊन आलेलीं. ज्याला आपल्याकडून कांहीं तरी हवें आहे, असाच मनुष्य जन्मभर भेटत राहिला, तर मनुष्यजातीविषयीं याहून निराळें मत कसें होणार?

परंतु दोष एकट्या साहेबाच्या पदरीं घालणें न्यायाचें नाहीं. आमच्याहि घराची हद्द त्याच्यापुरती ओसरीवरच संपत होती. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्याच्या प्रकरणांत रानडे व टिळक यांच्यासारख्यांसहि ग्रामण्याला तोंड द्यावें लागलें. जेथें पेलाभर चहाची ही कथा, तेथें पंक्तीला पाट कोण मांडणार? तो आपल्या क्लबांत आम्हांस घेत नसे, आणि आम्ही त्यास माजघरांत घेत नसूं. दोघांचींहि सोंवळीं कडक!

सातपूराहून शहराकडे जातांना शरणपूर लागतें. तेथील मंडळी या नियमास थोडी अपवाद होती. १८५४च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे प्राइस यांनीं हें ख्रिस्ती गांव वसविलें. धर्मांतराविषयीं आमचें मत वाचकांस सांगावयास नको. परंतु येथें घडलेली एक हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अरबांच्या गुलामवाहू गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें येथें आणून ठेवीत, व त्यांस अक्षरओळख आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अरण्यांत वारले, तेव्हां यानेंच त्यांच्या अंत्यविधीची प्रार्थना वाचली व झाडाच्या बुंध्यावर लेख कोरला. पुढें तो देह समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबींत झालेल्या दफनासहि तो हजर होता. गोदेच्या कांठीं गिरविलेलें अक्षर कोठें जाऊन उमटेल, याचा नेम नाहीं.

आतां ज्यांचें नांव नाशिकांत अजून दोन सुरांत निघतें, त्या जॅक्सन यांच्याविषयीं. आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन हे १८८८ सालीं मुलकी नोकरींत आले व पुढें नाशिकचे कलेक्टर झाले. संस्कृत व मराठी त्यांस उत्तम येत असे. लोक त्यांस ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. लोकांच्या चालीरीती, व्रतें, भुतेंखेतें, विहिरींच्या व झाडांच्या समजुती यांविषयींची माहिती त्यांनीं मोठ्या हौसेनें जमविली, आणि ती जमविण्याचें काम खेडोपाडींच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून करविलें. त्यांच्या मृत्यूनंतर एंथोवेन यांनीं गुजरात व कोंकण असे दोन भाग १९१४-१५ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत माहितीखालीं मास्तरांचा केवळ हुद्दा व गांव आढळतो. आमच्या व्यवसायबंधूंच्या वांट्याला कीर्ति ती एवढीच आली! तरी एका कलेक्टरानें मास्तरांस कांहीं विचारावें, आणि उत्तर जपून ठेवावें, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं.

याच जॅक्सन यांच्या कारकीर्दींत बाबाराव सावरकरांवर खटला झाला, आणि १९०९ सालीं त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षीं जॅक्सन यांची बदली मुंबईस झाली. निरोपादाखल विजयानंद नाटकगृहांत देवलांच्या ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग ठेवला होता. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीं तेथें अनंत लक्ष्मण कान्हेरे या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें त्यांजवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे व देशपांडे या तिघांस १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्यास फांशी झाली.

तो साहेब आपला होता कीं परका, यावर गांवांतील जुन्या मंडळींत वाद होतो. एक पक्ष म्हणतो, एवढा विद्वान मारावयास नको होता. दुसरा म्हणतो, ती विद्वत्ताच फसवी होती. आम्हांस दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. जॅक्सन यांची विद्येची आवड खरी होती. त्यांच्या लेखनांत ती ठायीं ठायीं दिसते. पण ज्या हातानें ते मराठी पोथी उघडीत, त्याच हातानें मराठी कविता छापणाऱ्यावरील खटल्याचे कागद पुढें पाठवीत. भाषा कळली म्हणजे मन कळतेंच असें नाहीं, आणि कळलें तरी खुर्ची सुटत नाहीं. त्या खुर्चीवर बसून शेजारधर्म करणें कोणालाच शक्य नव्हतें. अठरा वर्षांच्या त्या पोरालाहि समोर पंडित दिसला नाहीं, खुर्चीच दिसली.

शहराच्या पलीकडे देवळालीची छावणी आहे. मायदेशीं परतण्यासाठीं बोटीची वाट पाहत गोरे शिपाई येथें महिनेच्या महिने पडून राहत. काम नाहीं, करमणूक नाहीं आणि ऊन मात्र भरपूर. कित्येकांचीं डोकीं फिरत. तेव्हांपासून वेड्यास ‘डूलाली टॅप’ म्हणण्याचा प्रघात शिपायांच्या बोलींत पडला. डूलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला संस्कृत ‘ताप’. त्या छावणीच्या उशाशींच भगूर, सावरकर बंधूंचें गांव. दोन्ही ठिकाणीं माणसें या राज्याच्या सुट्टीचीच वाट पाहत होतीं म्हणावयाचें!

नाशिकला लागून असलेल्या नगर जिल्ह्यानें तर याहून चमत्कारिक उदाहरण जगास दिलें आहे. अ‍ॅना लिओनोवेन्स ही बाई १८३१ सालीं अहमदनगरास एका शिपायाच्या घरीं जन्मली. विधवा झाल्यावर १८६२ सालीं ती सयामास गेली व राजा मोंगकुट यांच्या मुलांची शिक्षिका झाली. १८७० सालीं तिनें त्या दरबारावर पुस्तक लिहिलें. त्यांत राजाचें जें चित्र आहे, तें सयामी लोकांस अजून डांचतें. त्या कथेवर १९५६ सालीं निघालेल्या बोलपटास तेथें बंदी झाली. बाईनें आपला नगरचा जन्म मात्र आयुष्यभर लपविला व आपण वेल्समध्यें जन्मल्याचें सांगितलें. स्वतःचें मूळ झांकणारी व्यक्ति दुसऱ्याच्या देशाचें चित्र काढते, तेव्हां तें जपूनच पाहावें.

सयाम कोणाचा अंकित झाला नाहीं. तरी १८५५ च्या तहानें इंग्रजांस तेथें आपल्या वकिलातीचा कायदा मिळाला होता, आणि १९०३ सालीं बँकॉकांत त्यांचा क्लबहि निघाला. तो काळ गेला. आतां तेथें राहणाऱ्या इंग्रज पेन्शनरास जमीन स्वतःच्या नांवें घेतां येत नाहीं, आणि दर नव्वद दिवसांनीं आपला पत्ता सरकारांत कळवावा लागतो.

हें आम्हांस माहीत असण्याचें कारण, आमचा एक पुतण्या सातपूरच्या कारखान्यांत काम शिकून सध्यां बँकॉकास नोकरीस आहे. प्रथम त्याचीं पत्रें तक्रारींनीं भरलेलीं असत. भाताला वास येतो, लोक हंसतात पण होय कीं नाहीं तें सांगत नाहींत, मोलकरीण ऐकत नाहीं. वाचतांना आमच्या वहिनी डोळे पुशीत. आम्हांला मात्र ते शब्द कोठें तरी आधीं वाचल्यासारखे वाटत. शेजारीं एक वृद्ध इंग्रज राहतो, त्याच्या तक्रारीहि अक्षरशः ह्याच, असें त्यानें एकदां सहज लिहिलें. आम्हीं उत्तरीं एवढेंच लिहिलें कीं, तेथील लिपी शीक. त्यानें ती शिकावयास घेतली आहे. चव्वेचाळीस व्यंजनें, पण क्रम आपल्या वर्णमालेचाच. नगराला ते नखोन म्हणतात, गुरूला ख्रू, विद्यालयाला विथ्थयालय. गोऱ्या माणसास त्यांचा शब्द ‘फरांग’, म्हणजे आपला फिरंगीच. “आणि आम्हां हिंदी लोकांना काय म्हणतात?” असें वहिनींनीं विचारून पाठविलें. मागच्या आठवड्यांत उत्तर आलें. ‘खेक’ म्हणतात. कधीं प्रेमानें, कधीं हिणवून. कोशांत त्याचा अर्थ ‘पाहुणा’ असा दिला आहे.