दोन सिलिंडरांची फटफटी

दुबळ्याच्या बाजूने उभे राहण्याची हौस मनुष्यमात्रास असते. परंतु आमच्या मध्यमवर्गात ती व्यसनाच्या पायरीला पोचलेली आहे, असे आम्हांस पुष्कळदा वाटते. कुस्तीचा फड असो की निवडणूक, कज्जा असो की क्रिकेटचा सामना, ज्याच्या अंगी बळ कमी आणि गाठीला पैसा त्याहूनही कमी, त्याच्याकडे आमचे मन आपोआप झुकते. यात न्यायबुद्धी किती आणि स्वतःविषयीची कीव किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. महिन्याच्या पगारावर गुजराण करणाऱ्या माणसास सशा-कासवाच्या गोष्टीतले कासव आपल्याच गोत्रातले वाटावे, हे स्वाभाविकच आहे. पण त्या गोष्टीत ससा झोपतो! सशाला झोप लागली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न शाळेत कोणी विचारू देत नाही. आमच्यापुढे तो प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो इसापाच्या पुस्तकात नव्हे, तर फटफट्यांच्या शर्यतींच्या इतिहासात.

इंग्रजी काव्य शिकविण्यात पंचवीसांहून अधिक वर्षे घालविलेल्या माणसाने असल्या विषयात लक्ष घालावे, याचे आमच्या घरच्या मंडळींस अजून नवल वाटते. आम्ही स्वतः कधी शर्यतीत उतरलो नाही, उतरण्याची छातीही नाही. आमचे वाहन म्हणजे महाविद्यालय आणि मंडई यांच्यामध्ये येरझारा घालणारी एक सालस स्कूटर. परंतु तरुणपणी वाचनालयात मोटारींविषयीच्या जुन्या इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा आमच्या हाती लागला, आणि तेव्हापासून दोन सिलिंडरांच्या गाड्यांविषयी आमच्या मनात जो पक्षपात उत्पन्न झाला तो आजतागायत कायम आहे.

दोन सिलिंडरांची गाडी ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. एका सिलिंडरच्या गाडीचा साधेपणा तिच्यात नाही आणि तीन-चार सिलिंडरांच्या गाडीचे वैभवही नाही. आयल ऑफ मॅन या बेटावर १९०७ साली टूरिस्ट ट्रॉफीची पहिली शर्यत झाली, तेव्हा एका सिलिंडरच्या गाड्यांस एका गॅलनमध्ये ९० मैल, तर दोन सिलिंडरांच्या गाड्यांस ७५ मैल जाण्याची अट होती. म्हणजे दोन सिलिंडरे हे पेट्रोल उधळण्याचे लक्षण आहे, असे जन्मवेळीच ठरून गेले होते. त्या वर्गात रेम फाउलर याने नॉर्टन गाडीवर विजय मिळविला. गाडीचे नाव ब्रिटिश, पण इंजिन प्यूजो या फ्रेंच कारखान्याचे. वाटेत त्याला कितीदा तरी थांबावे लागले, टायर फुटला, आणि एवढे करूनही एका सिलिंडरच्या मॅचलेस गाडीवर बसलेला चार्ली कॉलिअर त्याच्याहून अधिक वेगाने शर्यत संपवून गेला! ज्या विजयात दुसऱ्या वर्गाचा विजेता आपल्यापुढे निघून जातो, असा विजय वाट्याला येणे हेच या जातीच्या गाड्यांचे प्राक्तन दिसते.

पण आम्हांस जी कथा सांगावयाची आहे ती १९७२ सालच्या मार्च महिन्यातली, अमेरिकेतील फ्लोरिडा संस्थानातल्या डेटोना येथली. तेथे दरवर्षी २०० मैलांची शर्यत होते. पूर्वी ती समुद्रकाठच्या वाळूत होत असे. १९६१ पासून ती मोटारींसाठी बांधलेल्या प्रचंड धावपट्टीवर भरू लागली. या धावपट्टीची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत. चित्रात पाहिले असता तो रस्ता आहे की एखाद्या धरणाची भिंत आहे, असा भ्रम होतो. अशा वळणावर गाडीला वेग कमी करावा लागत नाही. अर्थात जिच्या अंगी अश्वशक्ती अधिक तिचेच ते राज्य.

त्या काळी अमेरिकेच्या नियमांप्रमाणे ७५० घन सेंटिमीटरपर्यंतची इंजिने चालत. सुझुकी आणि कावासाकी या जपानी कारखान्यांनी त्या वर्षी तीन सिलिंडरांच्या, ७५० च्या नव्या टू-स्ट्रोक गाड्या उतरविल्या. शंभराच्या घरात अश्वशक्ती, ताशी १७० मैलांच्या आसपास वेग, दिमतीला कारखान्याचे पथक, कारखान्याचे यंत्रज्ञ आणि कारखान्याचाच पैसा. यामाहाजवळ त्या वेळी ७५० ची गाडीच नव्हती. तिच्याजवळ होती टीआर-३ नावाची ३५० ची, दोन सिलिंडरांची गाडी. अश्वशक्ती जेमतेम साठाच्या आत-बाहेर. ती कोणाही खाजगी स्वारास पैसे मोजून विकत मिळे, आणि तिच्या इंजिनाचा सांगाडा यामाहाच्या रस्त्यावरल्या साध्या गाडीच्या घराण्यातलाच होता.

डॉन एम्डी हा कॅलिफोर्नियाचा तरुण आदल्या वर्षी बीएसए या ब्रिटिश कारखान्याच्या गाडीवर याच शर्यतीत तिसरा आला होता. परंतु कारखान्याचे दिवस फिरले, पथकाची काटछाट झाली आणि तिसरा आलेला हा स्वार मोकळा झाला. बेकर्सफील्ड गावच्या मेल डिनेसन नावाच्या यामाहा-विक्रेत्याने त्याला गाडी दिली. कारखाना नव्हे, एक दुकानदार! त्याचा बाप फ्लॉइड एम्डी याने १९४८ साली हीच शर्यत वाळूवर, इंडियन नावाच्या अमेरिकन गाडीवर जिंकली होती. तीही दोन सिलिंडरांचीच, हे आम्ही मुद्दाम नमूद करितो.

शर्यत सुरू झाली आणि व्हावयाचे तेच झाले. मोठ्या गाड्या पुढे निघून गेल्या. मात्र त्या जसजशा पळू लागल्या तसतसे त्यांचे बळच त्यांना खाऊ लागले. तेवढी शक्ती जमिनीला पोचविणारे टायर त्या वेळी जगात कोणाजवळच नव्हते. कललेल्या वळणांवर वजन आणि वेग यांच्यामध्ये सापडलेले रबर सोलून निघू लागले, इंजिने तापली, आणि एकामागून एक बलाढ्य गाडी रस्त्याच्या कडेला जाऊ लागली. शेवटी पुढे उरला तो सुझुकीवरचा जेफ पेरी हा न्यूझीलंडचा स्वार, आणि त्याच्या पाठीस एम्डी. शेवटच्या फेरीच्या सुमारास पेरीच्या गाडीची चेन तुटली. एम्डी जिंकला. दुसरा रे हेम्पस्टेड, तिसरा डेव्ह स्मिथ. दोघांच्याही गाड्या ३५० च्या यामाहा. इतक्या लहान इंजिनाने ही शर्यत त्यापूर्वी कधीच जिंकलेली नव्हती.

ही हकीकत आम्ही आमच्या एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापक मित्रांस मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “अहो, चेन तुटली म्हणून जिंकला तो! यात तुमच्या गाडीचे कर्तृत्व काय?”

आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. सशाला झोप लागली, एवढेच ना याचे तात्पर्य? आमचे इतिहासाचे दुसरे एक स्नेही शेजारीच होते. ते लगेच संताजी-धनाजींच्या हलक्या घोडदळाची आणि औरंगजेबाच्या अवजड छावणीची उपमा घेऊन आमच्या मदतीस धावले. परंतु मराठी माणसाने प्रत्येक वादात ही उपमा इतकी राबविली आहे, की तिचे घोडे आता थकले असले पाहिजेत. आम्ही त्यांचे आभार मानले आणि उपमा परत केली.

आमचे उत्तर वेगळे होते. ससा झोपतो तो आपल्या लहरीने; चेन मात्र लहरीने तुटत नाही. शंभर अश्वांची ओढ ज्या चेनवर पडते ती साठ अश्वांच्या चेनपेक्षा लवकर झिजावयाची. जड गाडीचा टायर हलक्या गाडीच्या टायरआधी संपावयाचा. मोठे इंजिन अधिक पेट्रोल पिणार आणि अधिक तापणार. एम्डीची गाडी मोठ्या गाडीच्या अगदी मागे राहून, पुढच्या गाडीने फाडलेल्या हवेच्या पोकळीतून जाई, तेव्हा स्वतःच्या बळाहून अधिक वेग तिला फुकट मिळे. दोनशे मैल या शब्दातच हा सारा हिशेब आहे. वीस मैलांची शर्यत असती तर एम्डीचे नाव आज कोणाच्या ध्यानी राहिले नसते. दैवाचा भाग यात मुळीच नव्हता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या दैवाचा कल आधीच मोजता येतो, त्याला दैव म्हणावे की अंकगणित?

अर्थशास्त्रज्ञ मित्र तेवढ्याने कुठले ऐकणार! ते म्हणाले, “एकदा घडले तो योगायोग. पुन्हा घडले काय ते सांगा.” सुदैवाने त्याचे उत्तर आमच्यापाशी तयार होते. पुढल्याच वर्षी, १९७३ च्या मार्चात, फिनलंडचा यार्नो सारिनेन ३५० चीच यामाहा घेऊन डेटोनास आला आणि ७५० च्या सर्व गाड्यांस मागे टाकून जिंकला. दुसरा आलेला केल कॅरुथर्स हाही ३५० वरच होता. पुढच्या महिन्यात इटलीतील इमोला येथे सारिनेनने तेच पुन्हा करून दाखविले. आमचे मित्र गप्प झाले, परंतु त्यांना पटले असे त्यांच्या मुद्रेवरून आम्हांस दिसले नाही.

याच संदर्भात, ज्या टू-स्ट्रोक विद्येवर हे सारे उभे होते तिच्या कुळाविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. ती विद्या मुळात श्रीमंतांच्या घरची नव्हती. पूर्व जर्मनीतील त्शोपाऊ गावी एमझेड नावाचा कारखाना होता. साधनांची टंचाई, पैशाची त्याहून टंचाई. तेथे वॉल्टर काडेन या एंजिनिअराने शोधून काढले, की धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा आकार नीट साधला तर तिच्यातून परतणारी दाबाची लाट निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. इंजिनाला जणू फुकटचा श्वास मिळतो. त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली पश्चिमेकडे पळून गेला आणि पुढच्याच वर्षी सुझुकीवर ५० घन सेंटिमीटरच्या वर्गात जगज्जेता झाला. गरिबाची विद्या जपानात गेली आणि पुढे साऱ्यांचीच झाली. काडेन मात्र मागेच राहिला. त्याच्याविषयी आम्हांस एम्डीहूनही अधिक आदर वाटतो, हे येथे सांगून टाकतो.

दुबळ्याच्या विजयाची गोष्ट सांगणारे बहुधा विजयापाशीच थांबतात. पुढे काय झाले हे सांगत नाहीत. यामाहाने १९७४ साली चार सिलिंडरांची नवी गाडी काढली. तिची रचना पाहिली म्हणजे हसू येते. ३५० च्या दोन गाड्यांची सिलिंडरे शेजारी शेजारी मांडली आणि सुमारे ७०० चे इंजिन झाले! त्या गाडीवर डेटोना जिंकला जाकोमो आगोस्तिनी. हेलिकॉप्टरे बांधणाऱ्या आगुस्ता घराण्याच्या एमव्ही गाड्यांवर वर्षानुवर्षे अजिंक्य राहिलेला, श्रीमंत पक्षाचा मुकुटमणी. १९७२ पासून १९८४ पर्यंत सलग तेरा वर्षे ती शर्यत यामाहानेच जिंकली. कालपर्यंत ज्याच्या बाजूने आम्ही टाळ्या वाजवीत होतो, तोच आता सर्वांच्या छातीवर बसला. खाजगी स्वारांस ती चार सिलिंडरांची गाडी विकत घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

आणि माणसांचे काय झाले? एम्डीने लवकरच शर्यती सोडल्या. सारिनेन १९७३ च्या मे महिन्यात मोंझा येथे शर्यतीच्या पहिल्याच फेरीत झालेल्या अपघातात मेला. ज्याची चेन तुटली तो पेरी त्याच वर्षीच्या जुलैत ताहितीहून निघालेल्या प्रवासी विमानाच्या अपघातात गेला. तो विमानात केवळ प्रवासी म्हणून बसला होता. शर्यतीच्या निकालांची यादी वाचताना डोळे त्या नावांवर अडतात, आणि मग अश्वशक्तीच्या हिशेबात आमचे मन रमत नाही.

या घराण्याची एक शाखा आमच्याही देशात आली होती, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. टीआर-३ च्या भावकीतली रस्त्यावरची यामाहा आरडी-३५० एस्कॉर्ट्‌स कंपनीने परवाना घेऊन १९८३ पासून ‘राजदूत ३५०’ या नावाने येथे विकली. आम्ही पुण्यास शिकत असताना वसतिगृहातल्या एका सधन सोबत्याजवळ ती होती. संध्याकाळी ती सुरू झाली म्हणजे तिचा तो टणत्कारी आवाज ऐकून अभ्यासिकेतले निम्मे विद्यार्थी खिडकीशी जात. निळसर धूर मागे ठेवून ती फाटकाबाहेर गेली, की उरलेले निम्मेही पुस्तके मिटून टाकीत. एकदा त्याने आम्हांस मागे बसवून विद्यापीठाच्या रस्त्याने नेले. त्या दिवशी टू-स्ट्रोक इंजिनाविषयी आम्हांस जे ज्ञान झाले ते काडेनच्या सिद्धांताहून निराळे होते, आणि ते मुख्यतः पोटाच्या खळग्यात झाले.

मौज अशी की तिकडे जी गाडी बिचारी, स्वस्त, दुकानदाराने उभी केलेली, तीच इकडे श्रीमंताची चैन ठरली. शंभर घन सेंटिमीटरची, पेट्रोल जपून वापरणारी चार-स्ट्रोकची हिरो होंडा १९८५ साली बाजारात आली, आणि गिऱ्हाइकांनी दोन्ही गाड्यांच्या टाक्यांचा हिशेब मांडला. १९०७ साली आयल ऑफ मॅनवर गॅलनमागे मैल मोजून ज्या जातीस उधळी ठरविले होते, तिला आमच्या सदाशिव पेठेनेही त्याच मापाने मोजले. ते दशक सरले त्या सुमारास राजदूत ३५० चे उत्पादन बंद पडले. आता हौशी तरुण जुनी आरडी शोधून काढतात, तिचे सुटे भाग जमविण्यात महिने घालवितात आणि नीट केलेल्या एका गाडीसाठी लाखांनी पैसे मोजतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अशी एक आहे. रविवारी सकाळी तिचा मालक ती सुरू करितो, तेव्हा आमच्या सौभाग्यवती खिडकी लावून घेतात आणि आम्ही ती उघडतो.