उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीच्या फलकावर किंवा नोकरीच्या जाहिरातीत भेटतो. त्याचा जुना अर्थ अधिक नेमका होता आणि काहीसा करुणही. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. जुन्या कचेरीत जाणत्या कारकुनाशेजारी बसून, पगाराविना किंवा नाममात्र मोबदल्यावर, पुढेमागे जागा मिळेल या आशेने काम शिकणारा तो उमेदवार. मोडीचे वळण, ताळेबंदाची मांडणी, कोणत्या हुद्द्याच्या माणसाला कोणत्या मायन्याने लिहावे, हे सारे तो पाहत, ऐकत, चुकत शिके. हेमाडपंतांच्या नावावर सांगितली जाणारी मेस्तके ही अशा लेखनव्यवहाराची नियमपुस्तके होती. परंतु केवळ मेस्तक पाठ करून कोणी कारकून झाला नाही. नियम पुस्तकात असे. तो केव्हा लावावा आणि केव्हा आवरावा, हे शेजारच्या माणसापाशी असे.

बंगळुरात गेली चार दशके संगणकाच्या व्यवसायासाठी माणसे निवडण्याचे आणि घडवण्याचे जे प्रचंड कार्य चालले आहे, ते हा शब्द मनात ठेवून पाहण्याजोगे आहे. या शहराचा आणि मराठी मुलखाचा संबंध तसा जुना. १६३८ मध्ये बंगळूर शहाजीराजांकडे आले. बाल शिवाजीराजांना पुणे जहागिरीवर पाठवताना त्यांनी पेशवे, मुजुमदार, डबीर, सबनीस असे कामात मुरलेले अधिकारी सोबत दिले, असे परंपरा सांगते. राज्य उभे राहण्यापूर्वी दफ्तर सांभाळणारी माणसे बंगळूरहून पुण्याकडे निघाली होती. विसाव्या शतकात ही वाट उलट दिशेने वाहू लागली. १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर स्थापन केलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली. १९४५ मध्ये खानदेशातील अमळनेर येथे वनस्पती तुपासाठी निघालेल्या कंपनीची पुढे विप्रो झाली आणि तिचा संगणकव्यवसायही बंगळुरातच विस्तारला. त्यांच्यामागून बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची मुले निघाली, ती अजून निघतच आहेत.

या मुलांना जे काम शिकावयाचे असते, त्याचा मोठा भाग म्हणजे कारकुनीचेच नवे रूप होय. एसएपी ही जर्मन कंपनी १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी काढली. १९९८ मध्ये तिची प्रयोगशाळा बंगळुरात आली. कारखान्याची खरेदी, गोदाम, विक्री, पगार आणि हिशेब एकाच प्रणालीत बांधून टाकावयाचे, हा तिचा व्यवसाय. या क्षेत्रात माणसांच्या दोन शाखा मानतात. ‘टेक्निकल’ मंडळी एबॅप नावाच्या भाषेत आज्ञावली लिहितात. ‘फंक्शनल’ मंडळी गिऱ्हाइकाचा व्यवहार समजून घेऊन तो प्रणालीत बसवतात. पहिल्या शाखेची माणसे वर्गात तयार होऊ शकतात. दुसरीची होत नाहीत, आणि प्रत्येक तुकडीचे यशापयश मात्र तिच्यावरच अवलंबून असते.

एक साधे उदाहरण घ्यावे. कारखान्याने रंगाची शंभर पिंपे मागवली. गोदामात नव्वदच पोचली. पुरवठादाराचे बिल मात्र शंभरांचे आले. मागणी, आवक आणि बिल हे तिन्ही कागद जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हा प्रणालीचा नियम. माल आला पण बिल यावयाचे आहे, अशा मधल्या अवस्थेसाठी तिच्यात एक स्वतंत्र खाते असते. माल उतरताच रक्कम तेथे पडते आणि बिलाची नोंद झाली की ते मिटते. हे खाते कसे उघडावे, हे शिकाऊ मुलगा अर्ध्या दिवसात शिकतो. परंतु महिनाअखेरीस ते का मिटत नाही, दहा पिंपे वाटेत राहिली की गोदामात मोजायची चुकली, दूरध्वनी कोणाला करावा आणि कोणत्या शब्दांत करावा, हे त्याला कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ते शेजारी बसलेल्या ज्येष्ठाचे बोलणे कानावर पडून, दोन-तीन वर्षांत, नकळत येते.

सांगलीच्या हळदपेठेत अडत्याच्या गादीपाशी वाढलेल्या मुलाला खरे तर यातले काहीच अपरिचित नसावे. कच्च्या वहीतली नोंद पक्क्या वहीत केव्हा जाते, हमाली-तोलाई कोणाच्या नावे पडते, घट किती धरावी, हे त्याने जेवणाच्या पानावर ऐकलेले असते. पण मुलाखतीत त्याला हे कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. तो व्यवहार मागे टाकण्यासाठीच त्याने पदवी घेतलेली असते. जे ज्ञान त्याला या कामात इतरांहून सरस ठरवू शकले असते, तेच तो गावाकडचे म्हणून लपवतो.

निवडीची पद्धत या लपवण्यास पोषकच ठरली. इन्फोसिसने ‘लर्नेबिलिटी’, म्हणजे शिकण्याची क्षमता, हा निकष मानला आणि तर्कशुद्ध विचाराच्या कसोट्यांवर मुले पारखली. या निकषाचे मोल कमी लेखू नये. ओळखपाळख, घराणे, इंग्रजीचा सफाईदार उच्चार यांपेक्षा तो कितीतरी न्याय्य होता. हजारो सामान्य घरांतील मुलांसाठी त्याने दार उघडले. मात्र पाटी कोरी असावी, हेही त्यात गृहीत होते. म्हैसूरच्या तीनशेहून अधिक एकरांच्या आवारात हजारो मुलांवर एकाच वेळी एकच पाठ गिरवण्याची सोय झाली. २००५ मध्ये नॅसकॉम आणि मॅकिन्सी यांच्या अहवालाने अभियांत्रिकी पदवीधरांपैकी केवळ चतुर्थांश बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कामास योग्य असल्याचे म्हटले, तेव्हा अशा पाठशाळांची अपरिहार्यता मान्यच करावी लागते. विप्रोने १९९५ पासून विज्ञानाच्या पदवीधरांना नोकरीत घेऊन पिलानीच्या बिट्स संस्थेच्या सहकार्याने पदव्युत्तर शिक्षण दिले. काम आणि अभ्यास एकत्र चालवणारी ही योजना उमेदवारीच्या जुन्या रीतीला अधिक जवळची म्हणावी लागेल.

ज्यांना ही दारे उघडत नाहीत, ते मराठहळ्ळी, बीटीएम लेआउट अशा भागांतील खाजगी वर्गांकडे वळतात. तेथे शुल्क भरून प्रणालीचा एखादा विभाग शिकता येतो. अनुभव विकत मिळत नाही. जाहिरातीत मात्र दोन-तीन वर्षांच्या अनुभवाची अट असते. या कोंडीतून काही जण बनावट अनुभवाची पत्रे जोडतात, आणि ती पारखण्याचाही एक व्यवसाय उभा राहिला आहे. या खोटेपणाचे समर्थन करता येणार नाही. पण शिकवण्याची जबाबदारी प्रत्येकाने दुसऱ्यावर ढकलली, तर त्याची वाढ कशी होते, हे मात्र यातून दिसते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या त्याच आवारातून तीनशेहून अधिक शिकाऊ मुलांना निरोप देण्यात आला. तीन संधी देऊनही ती अंतर्गत परीक्षेत उत्तीर्ण झाली नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते, आणि ही अट करारात होती. त्यांतील अनेकांनी निवडपत्र मिळाल्यावर रुजू होण्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली होती. नियमाने पाहता कोणी वचन मोडले नव्हते. पण जुन्या कचेरीतला उमेदवार पगाराविना राबला, तरी त्याची परीक्षा रोजच्या कामात होत असे आणि ती घेणारा त्याला नावाने ओळखत असे. येथे पगार होता, निवास होता, वाचनालय होते. ओळखणारा कोणी असेलच, याची खात्री नव्हती.

आता आज्ञावलीचा साधा मजकूर यंत्रेच लिहू लागली आहेत. त्यामुळे नवख्यांची गरज उरणार नाही, असे काही जण म्हणतात. प्रश्न वेगळाच आहे. आजचा जाणता फंक्शनल माणूस किरकोळ कामे करता करताच जाणता झाला. ती कामे यंत्राकडे गेली, तर उद्याचा जाणता कोठे बसून तयार होणार? मेस्तक आता यंत्रालाही पाठ आहे. ते मिटून ‘हे दहा पिंपांचे काय झाले, ते आधी विचार’ असे सांगणारा माणूस त्या मुलाशेजारी बसवायचा की नाही, हे मात्र माणसांनाच ठरवावे लागेल.