कर्णाचं माप

कडप्प्याचा ओटा, खाली कडप्प्याच्याच उभ्या फरशा आणि आतल्या अंधारात हात घालून चाचपायचे डबे. आमच्या पुण्यातल्या जुन्या फ्लॅटचं स्वयंपाकघर तीस वर्षं असंच चाललं. मॉड्यूलरवाल्याने कागदावर लिहून दिलेला आकडा वाचून मी म्हटलं, कपाटं मीच करते. कोणी विरोध केला नाही. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "तांदळाचा डबा बसेल ना?"

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आठ बाय चारचं १८ मिलिमीटर प्लाय आणलं. सिंकखाली कायम ओल, म्हणून 'मरीन'. शीटवर आयएस ७१० चा शिक्का आहे का, ते स्वतः बघावं. ३०३ चं प्लायही दिसायला तसंच असतं. शीटच्या १२२० मिलिमीटर रुंदीचे दोन भाग म्हणजे ६१०, हे माझं शाळेतलं गणित. करवतीचं पातं स्वतःच तीनेक मिलिमीटर खातं, हे दुकानात कापून घेताना कळलं. तेवढं निभावलं.

बॉक्स जोडला, आधी बारीक भोक न पाडता स्क्रू पिळून एका फळीची कड उकलवली, दुसरी घेतली. ओट्याखाली बॉक्स जाईना, तेव्हा रबरी हातोड्याने ठोकून बसवला. मोठा पराक्रम वाटला. मग ड्रॉवर. चॅनेलला दोन्ही बाजूंना तेरा-तेरा मिलिमीटर सोडायचे, म्हणून ड्रॉवर आतल्या मापापेक्षा २६ ने कमी केला होता. तरी तो अर्ध्यावर जाऊन अडायचा. चॅनेल काढलं, लावलं, तेल घातलं. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. नवरा टॉर्च धरून शांत उभा होता. त्या शांततेचा राग वेगळाच.

वरच्या मजल्यावर काम चाललं होतं. तिथले सुतारकाका जाता-जाता डोकावले. ड्रॉवरला हातही लावला नाही. "टेप धरा ताई. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. आता उलट." दोन मापांत सात मिलिमीटरचा फरक.

"बॉक्स गुण्यात नाही. चॅनेल बिचारं काय करणार?"

कडप्प्याच्या उभ्या फरशा ओळंब्यात नव्हत्या, एका बाजूला कलल्या होत्या. मी माप घेतलं ते फक्त खाली, जमिनीलगत. आणि मागची पाटी मारायच्या आधीच बॉक्स ठोकून घातल्यामुळे तोही फरशांबरोबर कलला. "ओटा वाकडा तर असू दे," काका म्हणाले, "बॉक्स लहान करा, सरळ करा. फट पट्टीने झाकायची." पैसे घेतले नाहीत. चहा दोनदा घेतला.

सगळं उकललं. रुंदी कमी केली, दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत बॉक्स ढकलला आणि त्याच अवस्थेत मागे सहा मिलिमीटरची पाटी ठोकली. ड्रॉवर बोटाने ढकलला तरी आत गेला. तो मी त्या रात्री किती वेळा उघडला, ते सांगत नाही. दारं, बिजागऱ्या यांत विशेष काही घडलं नाही. लॅमिनेट दाबायला मात्र पाट्याखेरीज घरातली प्रत्येक जड वस्तू आणि पाण्याने भरलेल्या चार कळश्या लागल्या.

तांदळाचा डबा ड्रॉवरमध्ये बसला नाही. उंची मोजताना झाकणाची कडी धरायची राहिली. तो ओट्यावरच आहे.