कुंभाराच्या घरातला राजा

लग्नपत्रिका हातात पडली की आपण काय वाचतो? मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, आणि ‘कृपया आहेर आणू नये’ असं लिहिलंय की नाही ते! ‘शालिवाहन शके’ ही वरची ओळ कुणीही वाचत नाही. सत्यनारायणाला बसलो की गुरुजी संकल्पात तेच नाव घेतात, पण तेव्हा आपलं निम्मं लक्ष गॅसवरच्या शिऱ्याकडे असतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवरही ते असतंच. इतकं घरातलं नाव, पण हा शालिवाहन कोण म्हणून विचारलं, तर घरोघरी उत्तर एकच येईल. पैठणचा राजा, कुंभाराच्या घरी वाढला, मातीचं सैन्य जिवंत केलं. संपली गोष्ट!

आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो. (आमच्या सासूबाईंच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं.) पाहुणे आले की एक दिवस वेरूळ, एक दिवस दौलताबाद आणि मकबरा, आणि सुट्टी उरली तर पैठण, असा आमच्याकडचा ठरलेला क्रम. पैठणला जायचं, नाथांचं दर्शन घ्यायचं, धरण बघायचं, पैठणीची किंमत विचारून ‘बघू हं पुढच्या खेपेला’ म्हणायचं आणि संध्याकाळी परत. या वेळी मात्र पाहुणे नव्हते. आम्ही तिघीच निघालो. मी, आमच्या वन्सं आणि त्यांची दहा वर्षांची लेक.

वन्सं सात वर्षांपूर्वी लेकीला घेऊन माहेरी आल्या, त्या आमच्याकडेच आहेत. का आल्या, ते इथं लिहायचं कारण नाही. त्यांनी ते मलाही एकदाच सांगितलं आणि मी पुन्हा विचारलं नाही. शिवणाचं मशीन आहे, हाताला चव आहे, घरात त्यांची मदतच होते. त्या आठवड्यात भाचीला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. तिनं झाड झकास रंगवलं, पण एक फांदी कोरीच ठेवली. ते झाड टेबलावर तसंच पडून होतं. रविवारी मी म्हटलं, “वन्सं, चला, पैठणला जाऊन येऊ. डबा मी करते.”

पैठण शहरापासून साधारण पन्नास किलोमीटर. चितेगाव, बिडकीनपर्यंत कारखान्यांच्या भिंती सोबत करतात. ढोरकीन गेलं की मोकळं शिवार लागतं. काळी जमीन, ऊस, मोसंबीच्या बागा. गोदावरी जवळ आल्याचं हवेलाच कळतं.

आजचं पैठण म्हणजे अरुंद बोळांचं, जुन्या वाड्यांचं तालुक्याचं गाव. पण दोन हजार वर्षांपूर्वी हे प्रतिष्ठान नगर होतं, सातवाहनांची राजधानी. समुद्रावरून येणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या एका जुन्या प्रवासवर्णनात भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचं लिहिलेलं आहे. इथून गाड्या भरभरून अकीकासारखे दगड बंदरावर जात. ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे कवितांचा संग्रह याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर आहे. त्यात राजवाडे कमी आणि आपल्यासारख्या बायकांची घरं जास्त! जाऊ, सासू, शेजारीण, परगावी गेलेला नवरा, सगळं आहे.

आम्ही आधी नागघाटावर गेलो. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे आली होती. ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले ते इथंच, असं सांगतात. रेड्याची मूर्तीही आहे. भाचीनं त्याच्या शिंगांवरून हात फिरवला आणि विचारलं, “शुद्धिपत्र म्हणजे काय गं आई?” वन्सं म्हणाल्या, “दाखला. तुम्ही चांगल्या घरचे आहात, असा दाखला.” आणि मग लेकीनं आणखी काही विचारू नये म्हणून की काय, त्यांनी पायरीवर बसून शालिवाहनाची गोष्ट काढली.

ही गोष्ट चौदाव्या शतकात जिनप्रभसूरी नावाच्या जैन साधूनं ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात लिहून ठेवली आहे. आपल्या आज्या सांगत तीही थोड्याफार फरकानं तीच. परदेशातून दोन ब्राह्मण भाऊ पैठणला आले आणि एका कुंभाराच्या घरी उतरले. बरोबर त्यांची विधवा बहीण. ती गोदावरीवर पाण्याला गेली असताना डोहातला नागराज शेष तिच्यावर भाळला. ‘संकटात माझी आठवण कर’ एवढं म्हणून तो गेला. दिवस राहिले. भावांच्या लक्षात आलं, तसा एकाचा दुसऱ्यावर संशय! दोघंही बहिणीला तिथंच टाकून, एकमेकांना न सांगता निघून गेले. ती परक्याच्या घरी कामं करत राहिली. मुलगा झाला. तो कुंभारवाड्यातल्या पोरांत खेळायचा, खेळात राजा व्हायचा आणि सवंगड्यांना मातीचे हत्ती, घोडे, रथ वाहन म्हणून द्यायचा. वाहनं देणारा म्हणून लोक त्याला सातवाहन म्हणू लागले.

त्याच सुमारास उज्जैनला एक म्हातारा वारला. पलंगाच्या चार पायांखाली चार मुलांसाठी चार घडे पुरून ठेवलेले. उकरले तर एकात सोनं, दुसऱ्यात काळी माती, तिसऱ्यात भुसा, चौथ्यात हाडं! भांडण विक्रमराजापर्यंत गेलं, पण निवाडा होईना. ते चौघं फिरत फिरत पैठणला आले. तिथं कुंभारवाड्यातलं हे पोर खेळता खेळता म्हणालं, सोपं आहे की! सोनं थोरल्याचं, माती म्हणजे शेती, भुसा म्हणजे कोठारातलं धान्य, हाडं म्हणजे गुरंढोरं. वाटण्या झाल्या. विक्रमाच्या कानावर ते गेलं आणि असला पोरगा आपल्या मुळावर येणार म्हणून तो फौज घेऊन निघाला.

मला या गोष्टीतली आवडणारी जागा ही. पोराला राज्य नको होतं. त्यानं कुणाशी वैर केलं नव्हतं, की आपण कुणाचे कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. वेशीवर सैन्य आलं तरी हा मातीतच बसलेला. सगळं माहीत होतं ते आईला. तिनं इतक्या वर्षांत एकदाही शेषाला हाक मारली नव्हती. दिवस राहिले तेव्हा नाही, भाऊ टाकून गेले तेव्हाही नाही. पोराच्या जिवावर आलं तेव्हा मारली. शेषानं अमृताचा घडा दिला, तो शिंपडताच मातीचे हत्ती-घोडे उठून उभे राहिले आणि विक्रम पळाला. लोक पुढं जोडतात की नर्मदेच्या उत्तरेला विक्रमाचा संवत आणि दक्षिणेला शालिवाहनाचा शक, ही वाटणी तेव्हाची.

गोष्ट संपली. भाची बराच वेळ पाण्यात खडे टाकत होती. मग म्हणाली, “मामी, पण कुंभाराची बायको काही बोलली नाही?”

काय सांगू! मी या गोष्टीची जेवढी रूपं ऐकली-वाचली आहेत, त्यांपैकी एकातही कुंभारीण नाही. नागराज आहे, विक्रम आहे, चार घड्यांचा म्हातारासुद्धा आहे. पण जिच्या चुलीवर त्या मायलेकरांची भाकरी भाजली गेली, तिचा पत्ता नाही. कुंभाराचं घर म्हणजे भरलेलं घर. माती तुडवायची, भट्टी लावायची, मडकी वाळत घालायची, बाजारला न्यायची, त्यात बायकांचे हात सगळ्यांत जास्त. त्या घरात एक परकी बाई, नवरा नाही, भाऊ पळालेले, आणि पोटात मूल. शेजारणी विचारायला आल्या नसतील? ‘कोण गं ही? कुणाचं?’ पाणवठ्यावर विचारलं असेल, हळदीकुंकवाला विचारलं असेल. राजाचं कूळ इतकी वर्षं झाकलेलं राहिलं, ते नागराजाच्या मायेनं नव्हे. घरातली एक बाई तोंड मिटून राहिली, म्हणून राहिलं. निदान मला तरी तसंच वाटतं. कुणाला घरात ठेवून घेतलेल्या बाईला ते वाटणारच.

आता इतिहास. शालिवाहन नावाचा नेमका अमुक एक राजा दाखवता येत नाही. ते सातवाहन घराण्याचंच नाव लोकांच्या तोंडी रुळलं. शक सुरू होतो इ. स. ७८ पासून. पाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा करा की शक निघतो, मुलांना हे गणित जरूर घाला! पण बहुतेक अभ्यासक त्याची सुरुवात कुशाण सम्राट कनिष्काशी नाहीतर पश्चिमेकडच्या शक क्षत्रपांशी जोडतात. शालिवाहनाचं नाव त्याला चिकटलं ते कित्येक शतकांनंतर. गंमत अशी, की या घराण्याचा सगळ्यांत मोठा राजा शकांचा कर्दनकाळ म्हणून गाजला. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची, आणि बहुतेकांवर या राजानं आपला छाप पुन्हा मारलेला.

त्याचं नाव गौतमीपुत्र सातकर्णी. गौतमीचा पुत्र!

माझं माहेर नाशिकचं. पांडवलेण्यांच्या पायऱ्या लहानपणी कितीदा चढले, पण तिथं एका आईचा लेख कोरलेला आहे हे पुष्कळ उशिरा कळलं. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षातला. तिनं हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि लेखात आपल्या मुलाचं कौतुक केलं. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, प्रजेच्या सुखदुःखात तो वाटेकरी होता, अपराधी शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नसे, आणि आईची सेवा त्यानं कधी चुकवली नाही. स्वतःला ती महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. राजर्षीची वधू म्हणूनही सांगते, पण नवऱ्याचं नाव त्यात नाही. या घराण्यातले पुढचे राजेही वासिष्ठीपुत्र, असेच आईच्या गोत्रावरून ओळखले जातात. म्हणजे बायकांचं राज्य होतं असं नव्हे हं! गादी बापाकडून मुलाकडेच जायची. राजाला अनेक राण्या, तेव्हा कुठला मुलगा कुठल्या राणीचा हे कळायला आईचं नाव, असं जाणकार सांगतात. कारण काहीही असो, दगडावर आईचं नाव आलं.

घाटावर बसून मी हे वन्संना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पदरानं चेहरा पुसला एवढंच. ऊन होतंच म्हणा. मग म्हणाल्या, “वहिनी, तो नवा नियम आला ना, आईच्या नावाचा?” आला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारनं सक्तीचा केला. आमच्या भाचीचा जन्म आधीचा. तिच्या दाखल्यावर जे आहे ते आहे.

दुपारी नाथांचा वाडा पाहिला. नाथांचे आईवडील लहानपणीच गेले, आजोबांनी वाढवलं. म्हणजे पैठणचं हेही मोठं माणूस असंच दुसऱ्याच्या मांडीवर वाढलेलं! इथला रांजण बघायला विसरू नका. श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षं कावडीनं गोदेचं पाणी आणून नाथांच्या घरी भरत होता. तो प्रत्यक्ष श्रीकृष्ण, हे तो निघून गेल्यावर कळलं, अशी कथा आहे. तुकाराम बीजेला रांजणाची पूजा होते आणि नाथषष्ठीपर्यंत लोक त्यात पाणी ओततात. भाचीनं तिथंही विचारलंच, “गिरिजाबाईंनासुद्धा कळलं नाही?” नाथांच्या पत्नी हो! स्वयंपाकघरात पाणी कुणी भरलं ते बाईला कळलं नसेल यावर तिचा विश्वास बसेना. पुजारीबुवा हसले आणि तिला खडीसाखर दिली.

जाणार असाल तर नाथषष्ठी, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठी, गर्दीची हौस असेल तरच निवडा. लाखो वारकरी येतात. जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत. ते पावसाळ्याच्या शेवटी उघडले तर बघण्यासारखे असतात, आणि थंडीत नाथसागरावर पाहुणे पक्षी येतात. पैठणी घ्यायची असेल तर मागावर बसलेला विणकर आधी बघा, मग पदर उलटा करून पाहा. हातमागाची खरी पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. संध्याकाळच्या बसला बसायला जागा मिळायची तर पाचच्या आत स्टँडवर पोचावं.

आम्ही पोचलो तेव्हा भाचीच्या दोन्ही हातांना चिखल होता. घाटावरच्या मातीचा तिनं घोडा केला होता, वहीच्या कागदावर ठेवून बिडकीनपर्यंत सांभाळला. पुढं एका खड्ड्यात त्याचा पाय मोडला. वन्संनी बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन तो पुन्हा जोडून दिला.