बाबांचा डबा, माझा डबा

गेले कित्येक शनिवार-रविवार इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण आमच्या पार्किंगमध्ये उभं आहे. २००३ सालची पांढरी मारुती एस्टीम. बाबांनी घेतली तेव्हा मी पहिलीत होतो आणि पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन मागच्या सीटवरून सगळ्या नातेवाईकांकडे फिरलो होतो. पंधरा वर्षं झाल्यावर सगळ्यांनी सांगितलं, काढून टाका आता. बाबांनी आरटीओत जाऊन पुन्हा नोंदणी करून आणली. असो.

जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या बऱ्याच सोसायट्यांत पाणी शिरलं, त्यात आमचं पार्किंगही आलं. गाडी बुडाली नाही, पण सीटला पाणी लागलं. चिखल काढला, कार्पेट गच्चीवर वाळत घातलं, ऑइल आणि फिल्टर बदलले. स्टार्टर मस्त फिरायचा, इंजिन काही पकडायचं नाही. शेवटी आमच्या मेकॅनिक काकांनी डॅशबोर्डखाली हात घालून एक चपटा डबा बाहेर काढला आणि उघडून दाखवला. सर्किट बोर्डावर लोणच्याला येते तशी हिरवट-पांढरी बुरशी.

"दादा, मेंदू गेला हिचा."

हा डबा म्हणजे ईसीयू. इंजिनात किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे ठरवणारा कॉम्प्युटर. नवा मिळण्याचा प्रश्नच नव्हता, एस्टीम बनणंच २००७ मध्ये थांबलं. दुरुस्ती करणाऱ्याने बोर्ड बघूनच मान हलवली. काका म्हणाले, कुर्ल्याला भंगारात मिळेल कधीतरी, सांगून ठेवतो, पण वाट बघावी लागेल. आणि मी, ज्याने इंजिनिअरिंगला आयसी इंजिनचा पेपर रट्टा मारून काढला होता, तो म्हणालो, "थांबा काका, मी बनवतो."

आता यात नुसता माज नव्हता. स्वतःचा ईसीयू बनवणं ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट नावाचं किट निघालं, लोक घरी बसून सोल्डरिंग करायचे. आता स्पीडुइनो आहे. आर्डुइनो मेगा माहीत असेलच, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये आपण दिवे लावायला वापरायचो तोच बोर्ड. त्याच्यावर चालणारं हे ओपन सोर्स फर्मवेअर. आठ बिटचा, सोळा मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. ऑफिसमध्ये एक "हॅलो वर्ल्ड" चालवायला आम्ही याच्या हजारपट ताकदीचा सर्व्हर मागतो!

पण काम बघा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारतंय म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात हवेचा दाब वाचायचा, तापमान वाचायचं, सिलिंडरमध्ये किती हवा गेली असेल याचा अंदाज करायचा, त्या हिशेबाने इंजेक्टर दोन-चार मिलिसेकंद उघडायचा आणि पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी ठिणगी पाडायची. अंदाजासाठी १६ बाय १६ चा तक्ता असतो, आडवं आरपीएम, उभा दाब. २५६ घरं पेट्रोलची, तेवढीच ठिणगीची. सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी त्या घरांत.

बोर्ड आणि सुटे भाग मिळून नऊ हजारांच्या आत आलं. वाईडबँड सेन्सरला मात्र त्याहून जास्त गेले. सायलेन्सरच्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हा नेमकं सांगतो. याच्याशिवाय ट्यूनिंग म्हणजे चव न घेता मीठ टाकणं. काकांनी एकच अट घातली. मूळ वायरिंग कापायचं नाही. म्हणून मी त्या मेलेल्या डब्याचा कनेक्टर काढून मधली वायरिंग बनवली, की त्याच सॉकेटात माझा बोर्ड बसेल. ही अट नसती तर या लेखाचा शेवट वेगळा झाला असता.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, बाविसाव्या की तेविसाव्या प्रयत्नाला, इंजिन सुरू झालं. दमेकऱ्यासारखं खोकत, पण सुरू! मी पार्किंगमध्ये अक्षरशः नाचलो. दहा वर्षं कोड लिहितोय (कॉलेज धरून), पण माझ्या कोडने कधी काही हललं नव्हतं. स्क्रीनवर बटणं हलली असतील फार तर. इथे दीड फुटावर लोखंड धडधडत होतं.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत याचे फायदे मी भेटेल त्याला ऐकवले. लॅपटॉप लावला की गाडीच्या पोटात काय चाललंय ते सेकंदासेकंदाला दिसतं, आणि सगळं लॉग होतं. इथेनॉलचंही तसंच. २००३ च्या गाडीला वीस टक्के इथेनॉलचं स्वप्नही पडलं नव्हतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉल घातलं की साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडायला हवं. मूळ ईसीयू सेन्सरकडे बघून थोडंफार सांभाळून घेतो, पण पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की तो आपल्या जुन्या तक्त्यावर जातो. मी माझा तक्ता बदलू शकतो. (रबरी पाइप आणि सील इथेनॉलने खराब व्हायचे ते होतातच, तिथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.)

सगळ्यात आवडता मुद्दा म्हणजे, कोड माझ्यासमोर उघडा आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं ते आठवत असेल. गाडी चाचणीच्या रोलरवर आहे हे ईसीयू ओळखायचा आणि तेवढ्यापुरता सभ्य वागायचा. बंद डब्यात कुणी काय लिहून ठेवलंय कुणाला माहीत, माझ्या डब्यात ती भानगड नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. मग एकदा ते प्रकरण नीट वाचलं. चोरी पकडली गेली ती कोड वाचून नव्हे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी गाडीच्या मागे यंत्र लावून ती खऱ्या रस्त्यावर चालवली आणि धूर मोजला. कोड उघडा असला काय, बंद असला काय, मोजल्याशिवाय काही कळत नाही. आणि माझ्याकडे मोजायला होतं काय, तर एक सेन्सर आणि पीयूसी. आमच्या वयाच्या गाडीचं पीयूसी जागेवर उभ्या इंजिनाचं होतं. कात्रजच्या चढावर ती काय ओकते ते त्याला कधीच दिसत नाही. रविवारी सकाळी एआरएआयच्या टेकडीवर चालायला जातो तेव्हा खालच्या त्या आवारात गाड्या रोलरवर चढवून हेच मोजत असतात, हा विचार तोपर्यंत डोक्यात आला नव्हता.

नव्या गाड्यांचं एका वाक्यात सांगतो: तिथे पूर्ण ईसीयू बदलायच्या फंदात फारसं कुणी पडत नाही, आहे त्याच डब्यातले तक्ते बदलतात किंवा मध्ये एक छोटा बॉक्स लावून त्याला फसवतात. एका मित्राने टर्बो डिझेलला असं करून घेतलं. गाडी सुटते मात्र खतरनाक! सहा महिन्यांत क्लच घसरायला लागला, आणि वॉरंटीबद्दल बोलायची त्याला सोय राहिली नाही. धुराचा फिल्टरच काढून टाकून मग ईसीयूला गप्प करणारे लोकही आहेत, त्यांच्याबद्दल मला काही चांगलं बोलता येणार नाही.

कायद्याचंही बघितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून बदलेल असा फेरफार करू नका. आरसीवर ईसीयूचा उल्लेखच नसतो, म्हणून मी खूश झालो होतो. मग विम्याच्या फॉर्मवरचा बदलांविषयीचा प्रश्न वाचला आणि खुशी थोडी उतरली.

तर जानेवारीतला रविवार. गाडी आता शहाण्यासारखी चालत होती. बाबा म्हणाले, खेड-शिवापूरपर्यंत जाऊन येऊ. ते चालवायला, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. जाताना काहीच नाही. बाबा दोनदा "छान चालतीय रे" म्हणाले. वीज मंडळात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाकडून हे म्हणजे बक्षीसच.

येताना नवीन कात्रज बोगदा ओलांडला आणि नवले पुलाकडचा उतार लागला. पुणेकरांना तो उतार माहीत आहे, तिथल्या अपघातांच्या बातम्याही माहीत आहेत. बाबांनी शिस्तीत ॲक्सिलरेटर सोडून गिअरवर गाडी घेतली. पुढे गर्दी दिसली म्हणून क्लच दाबला. आणि इंजिन बंद.

मागे ट्रक. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मदत करणारी हवेची पोकळी दोन-तीन दाबांपुरतीच उरते. पहिला दाब नेहमीसारखा लागला, दुसरा जड, तिसऱ्याला बाबा सीटवरून जवळजवळ उठलेच. ट्रकवाल्याचा हॉर्न अजून कानात आहे. मी काय करत होतो? स्क्रीनकडे बघत होतो. बाबांनी तिसऱ्या गिअरवर क्लच सोडला, चाकांनी इंजिन फिरवलं, ते पकडलं, आणि त्यांनी गाडी सावकाश डावीकडे घेऊन उभी केली. हॅझर्ड लावले. पाणी प्यायले.

कारण मला दोन मिनिटांत सापडलं, लॉगमध्ये स्वच्छ दिसत होतं. उतारावर ॲक्सिलरेटर सुटला की पेट्रोल पूर्ण बंद करायचं आणि आरपीएम ठरावीक आकड्याच्या खाली आला की पुन्हा सुरू करायचं, अशी सोय असते. तो आकडा मी ९०० ठेवला होता. क्लच दाबल्यावर आरपीएम इतक्या झपाट्याने पडला की पेट्रोल येईपर्यंत उशीर झाला. १४००, १०५०, ७००, ३००, शून्य. मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, ९०० चे १५०० केले आणि बाबांना म्हटलं, "सापडलं. एका आकड्याची चूक होती. झालं आता."

मूळ डब्याने असं केलं असतं तर कारण मला जन्मात कळलं नसतं, हे खरं. पण मूळ डब्याने एकवीस वर्षांत असं केलंच नव्हतं.

बाबांनी विचारलं, "असे एकूण आकडे किती आहेत यात?"

"तक्त्यांत पाचशे बारा. शिवाय थंडीतली सुरुवात, एसी, आयडलिंग... अजून शंभर-दीडशे धरा."

"त्यातले तू तपासलेस किती?"

घरी आल्यावर मी खरंच मोजलं. तोपर्यंतच्या सगळ्या लॉगवर एक स्क्रिप्ट चालवली आणि इंजिन त्या पेट्रोलच्या तक्त्यातल्या कोणकोणत्या घरांत गेलंय ते काढलं. २५६ पैकी ९३. उरलेली १६३ घरं म्हणजे आजूबाजूचे आकडे बघून भरलेला माझा अंदाज. भर उन्हात, चार माणसं, एसी चालू आणि ताम्हिणीचा चढ, हे घर रिकामं. महाबळेश्वरची पहाट, रिकामी. चढावर पेट्रोल कमी पडलं किंवा ठिणगी लवकर पडली तर पिस्टनला भोक पडू शकतं, आणि माझ्या जोडणीत नॉक सेन्सरही नव्हता. ऑफिसमध्ये कुणी ३६ टक्के टेस्ट कव्हरेजचा कोड प्रोडक्शनला टाकतो म्हणाला असता तर मीच त्याला हाकललं असतं. कंपन्या एक गाडी उन्हाळ्यात वाळवंटात आणि हिवाळ्यात हिमालयात का हिंडवतात, ते त्या रात्री समजलं. ही घरं भरायला.

आकडे बाबांना सांगितले. त्यांना राग वगैरे आला नाही. ते म्हणाले, "घरं भरशील रे तू, त्याचं काही नाही. पण तू मार्चमध्ये बंगलोरला चाललास. मी आणि आई दापोलीला निघालो आणि ताम्हिणीत ही थांबली, तर मी कुणाला विचारू? मेकॅनिक म्हणणार हा डबा माझा नाही. आणि तुला फोन लावायचा तर तिथे रेंज नसते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. ऑन-कॉलला मी एकटा, आणि माझा फोन लागत नाही.

फेब्रुवारीत कुर्ल्याहून काकांच्या माणसाचा निरोप आला. साडेसहा हजार. त्याच क्रमांकाचा ईसीयू, कुठल्यातरी चेपलेल्या एस्टीममधून काढलेला. आमच्या गाडीत इमोबिलायझर नाही, त्यामुळे सॉकेटात बसवला आणि पहिल्या फिरकीला इंजिन सुरू. ना खोकला, ना काही. एसी लावला, आरपीएम जरासा हलला आणि जागेवर आला. हे एवढंसं जमवायला मला पाच रविवार लागले होते. काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

बाबा आणि आई एप्रिलमध्ये ताम्हिणीतून दापोलीला जाऊन आले. माझा बोर्ड चपलांच्या खोक्यात, मधल्या वायरिंगसकट, टीव्हीच्या कपाटात आहे. महिन्यातून एकदा मी पुण्याला येतो. अदलाबदल करायला पंधरा मिनिटं लागतात, मग मी एकटाच गाडी घेऊन जातो, ट्रक उठायच्या आत, आणि दोन-चार घरं भरून आणतो. परवापर्यंत १३८ झाली.

विम्याच्या फॉर्मवरचा तो प्रश्न अजून तसाच आहे. काल रात्री जेवताना बाबांनी ताटातून मान वर न काढता विचारलं, "उद्या कुठला लावतोयस? तुझा का माझा? मला नऊला मंडईत जायचंय."

"साडेआठला काढून ठेवतो," मी म्हटलं.