मावशी, फॅरेडे आणि एक फॉर्म

फॅरेडेचा नियम मी दहावीत पाठ केला, बारावीत परत पाठ केला आणि फर्स्ट इयरला तिसऱ्यांदा. कॉइलमधून बदलता करंट सोडला की बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यात ठेवलेल्या दुसऱ्या वाहकात व्होल्टेज निर्माण होतं. तो 'दुसरा वाहक' म्हणजे आपल्या सख्ख्या मावशीचा मेंदूही असू शकतो, हे मात्र एकाही सरांनी सांगितलं नव्हतं!

मावशीला दोन वर्षं बरं नव्हतं. घरात त्याला 'तिचं मन लागत नाही' म्हणायचे. मी पडले कॉन्व्हेंटवाली, मला डिप्रेशन हा एकच शब्द येतो आणि तो तोंडातून निघाला की आजी म्हणायची, "हळू बोल, शेजारी ऐकतील." गणपतीला एकटीने एकशे एक मोदक वळणारी बाई, दुपारी बारापर्यंत पलंगावरून उठत नव्हती. दोन औषधं बदलून झाली. मग डॉक्टरांनी टीएमएस सुचवलं, म्हणजे चुंबकाने मेंदूला चालना देणं.

घरात भूकंप! "शॉकच की तो, सिनेमात दाखवतात तसला," मामा म्हणाला. "तू इंजिनिअर ना? मग सेफ आहे का सांग." (माझा एम-थ्री अजून राहिलाय, पण ते घरी कुठे माहीत आहे...)

वाचायला बसले. 1985 साली इंग्लंडमध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल धरून समोरच्याचा हात हलवून दाखवला. 2008 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डिप्रेशनसाठी अशा मशीनला परवानगी दिली. शॉकमध्ये भूल देऊन मुद्दाम फीट आणतात. इथे पेशंट जागा, खुर्चीत बसलेला, आणि फीट येऊ नये यासाठीच सगळी धडपड. क्षेत्र दीड-दोन टेस्ला, एमआरआयच्या तोडीचं, पण प्रत्येक ठोका एका मिलिसेकंदापेक्षाही छोटा आणि असर वरच्या दोन-तीन सेंटिमीटरपुरता. डोकं दुखणं, कातडी चुरचुरणं हे नेहमीचं. सुरुवातीच्या प्रयोगांत काही धडधाकट माणसांनाही फीट आली होती, म्हणून 1998 मध्ये किती जोराचे ठोके, किती वेळ, मध्ये किती थांबायचं याचे नियम छापले गेले. आता फीटचं प्रमाण हजार पेशंटमध्ये एकापेक्षाही कमी. मी खूश! मामाला आकडा ठणकावून सांगितला.

आदल्या रात्री कोथिंबीर निवडताना आजी हळूच म्हणाली, "तिला चौथीत असताना एकदा फीट आली होती. कांदा फोडून नाकाशी धरला होता. कुणाला बोललो नाही. लग्नाच्या वेळी तर मुळीच नाही."

फॉर्म मी पाहिला होता. पेसमेकर? डोक्यात धातूची क्लिप? कानात बसवलेलं यंत्र? कधी फीट आली होती? सगळीकडे 'नाही'वर मावशीची टिक. हजारात एक हा आकडा फॉर्म खरा भरणाऱ्यांचा होता. सांगितलं तर कदाचित ट्रीटमेंट रद्द, शिवाय काकांना कळणार. नाही सांगितलं तर? रात्रभर झोप नाही. सबमिशनच्या आदल्या रात्रीही मी एवढी जागत नाही.

सकाळी रिक्षात मावशीलाच सांगितलं. ती बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग दवाखान्यात पोचल्यावर म्हणाली, "पेन दे," आणि स्वतःच टिक खोडली. काका शेजारीच होते. "तीस वर्षांत कधी आली नाही ना? मग झालं," एवढंच म्हणाले.

डॉक्टर रागावले नाहीत. ताप होता का, किती वेळ टिकली, परत आली का, सगळं विचारलं. ईईजी काढायला लावला. दोन आठवडे गेले. रिपोर्ट नीट आल्यावर बजावलं की पूर्ण झोप हवी, कुठलीही गोळी न सांगता बंद करायची नाही, दारू नाही. दारू म्हटल्यावर मावशी हसली. कित्येक महिन्यांनी!

पहिल्या दिवशी मी खोलीतच होते. कानात बोळे, आठच्या आकड्यासारखी कॉइल. टक्, आणि मावशीचा अंगठा आपोआप उडाला. त्यावरून तिच्यापुरता जोर ठरवला. मग चार सेकंद टक्टक्टक्, सव्वीस सेकंद शांत, असं सदतीस मिनिटं. मी मात्र पूर्ण वेळ तिच्या हाताकडे बघत होते.

आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. पहिले तीन दिवस डोकं दुखलं, फीट आली नाही. गुण सगळ्यांना येतोच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. मी दोन आठवड्यांनी हॉस्टेलवर परतले. परवा मेसच्या लाइनमध्ये असताना मावशीचा फोन आला. मीटरवरून रिक्षावाल्याशी कशी भांडली, ते दहा मिनिटं सांगत होती. माझी पोळी गार झाली.