ब्रह्मगिरीच्या पायथ्याचं परसदार

त्र्यंबकेश्वरात आमचं घर गंगाद्वाराकडे जाणाऱ्या वाटेच्या अंगाला आहे. परसाची दगडी गडगी ओलांडली की करवंदीच्या जाळ्या, त्यापुढे चढ आणि मग ब्रह्मगिरीचा काळा कडा. घरात पौरोहित्य आहे, त्यामुळे वर्षभर यजमान उतरतात. वरच्या मजल्यावर त्यांच्या खोल्या आणि खाली माझं स्वयंपाकघर. गव्हाच्या कोठ्या, सरपण, पाणी तापवायचा बंब आणि पंक्तीनंतरचं खरकटं असा सगळा पसारा मागच्या बाजूला असतो. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी पहिली शिकवण दिली ती याच परसाची. म्हणाल्या, "इथं काय उघडं ठेवतेस यावर कोण येणार ते ठरतं." इतक्या वर्षांत डोंगरावरून आमच्या दारी जे जे आलं, ते या एका वाक्याबाहेरचं कधीच नव्हतं.

सगळ्यात आधी माकडं. लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाची वानरं या दोघांत फार फरक आहे, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. वानरं मुळात पाला खाणारी. ती आली की भोपळ्याची फुलं आणि शेवग्याचा कोवळा शेंडा जातो, कौलं फुटतात, पण माणसाच्या हातातलं सहसा ओढत नाहीत. लाल तोंडाची मात्र काहीही खातात आणि फार लवकर शिकतात. पिशवीचा आवाज त्यांना ओळखू येतो. पाण्याच्या टाकीचं झाकण कसं सरकवायचं हे एका माकडिणीला कळलं की महिन्याभरात तिच्या पिलाला कळतं. चैत्रात कुरडया वाळत घालायच्या तर गच्चीवर काठी घेऊन एक माणूस बसवावा लागतो.

पण त्यांना हे शिकवलं कोणी? गंगाद्वाराच्या पायऱ्यांवर फुटाणे आणि केळी विकली जातात आणि येणारा प्रत्येक भाविक मारुतीरायाचं रूप म्हणून ती माकडांपुढे धरतो. शेजारी अंजनेरी, हनुमंताचं जन्मस्थान म्हणून पूजलेला डोंगर, त्यामुळे भावना मी समजू शकते. मीही अंजनेरीला हात जोडते. पण हातातून खाऊ मिळायची सवय लागलेलं माकड दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताच्या पोराला ओरबाडतं. तेव्हा त्याच्यावर दगड पडतात, पिंजऱ्याची मागणी होते. आमच्याकडे उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी आता पहिल्याच चहाबरोबर सांगते, की वर जाताना खायचं काही नेऊ नका आणि माकडाला काही देऊ नका, पुण्य हवं असेल तर डोंगरावर पडलेली एक प्लॅस्टिकची पिशवी खाली आणा. काही जण खरंच आणतात.

सापांचं प्रकरण वेगळं आहे, कारण आमच्या गावाचा आणि सापाचा संबंध साध्या शेजारापेक्षा खोल आहे. नारायण नागबली हा विधी करायला लोक इथे येतात. नारायणबली अकाली किंवा दुर्मरण आलेल्या पितरांसाठी आणि नागबली नागहत्येच्या दोषासाठी. तीन दिवस गाव सोडायचं नाही. कुशावर्त कुंडात स्नान, पुरुषांना पांढरं धोतर, बायकांना पांढरी साडी, जेवणात कांदा-लसूण वर्ज्य. गव्हाच्या पिठाचा नाग करून त्याचा रीतसर अंत्यसंस्कार होतो आणि यजमान त्याचं सुतकही पाळतो. एखाद्या पिढीत कोणी शेतात, विहिरीवर, गोठ्यात नाग मारलेला असतो, आणि त्याची बोच नातवंडांपर्यंत आलेली असते. पीठ मळणाऱ्या हातांकडे पाहताना मला दरवेळी वाटतं, माणसाने मारलेल्या जिवाचं सुतक धरावं, ही फार मोठी गोष्ट आहे.

एका श्रावणात जालन्याकडचं एक कुटुंब उतरलं होतं. आजोबांनी विहीर खणताना नाग मारला, असं त्यांच्या घरात सांगत आले होते. पूजेचा दुसरा दिवस. पाऊस सकाळपासून कोसळत होता आणि डोंगरावरून पाण्याचे लोट येत होते. दुपारी यजमानीणबाई हात-पाय धुवायला न्हाणीत गेल्या आणि जागच्या जागी थिजल्या. बंबाशेजारी रचलेल्या सरपणाच्या फटीत नाग बसला होता. अंगावर पाण्याचे थेंब, फणा अर्धवट उभारलेला आणि त्यावर दहाचा आकडा स्वच्छ दिसत होता. बिळात पाणी शिरलेलं, बाहेर सगळीकडे ओल, आणि बंबाजवळची राख तेवढी कोरडी आणि ऊबदार. त्याने निवडलेली जागा आमच्या घरातली सगळ्यात चांगली जागा होती.

आरडाओरडा झाला. त्यांच्या दिरांनी दाराचा अडसर उचलला. तेवढ्यात त्या बाई, ज्यांची क्षणापूर्वी पाचावर धारण बसली होती, मध्ये आल्या. "नका हो भावजी! एकाच्या पायी आलो आपण इथवर. आता दुसरा कुठं डोक्यावर घेता?" दिरांनी अडसर खाली ठेवला. मी सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि न्हाणीचं दार लोटून दूर उभी राहिले, तो कुठे सरकतो यावर नजर ठेवून. नाग दिसला की दोन गोष्टी महत्त्वाच्या, त्याच्यापासून अंतर राखायचं आणि तो नजरेआड होऊ द्यायचा नाही. मग सर्पमित्राला फोन.

आमच्या भागातला हा मुलगा एरवी रिक्षा चालवतो. आला तो ओल्या अंगाने, पण कुठेही घाई नाही. आधी त्याने भोवतीचं सरपण एकेक करून आकड्याने बाजूला ओढलं. शेपटीला धरून मिरवणं नाही, मोबाइलसमोर फणा नाचवणं नाही. कापडी पिशवीच्या तोंडाला प्लंबिंगच्या पाइपाचा हातभर तुकडा घट्ट बांधलेला होता. तो त्याने नागासमोर जमिनीवर टेकवला आणि आकड्याने मागून हलकेच चाहूल दिली. नागाने फणा मिटला, अंधारं तोंड पाहिलं, जीभ दोनदा आत-बाहेर केली आणि आपणहून आत शिरला. बीळ समजून. पूर्ण लांबी आत गेल्यावर पिशवीला पीळ देऊन गाठ. कोणाच्या अंगाला स्पर्शही झाला नाही, ना त्याच्या, ना आमच्या. वनखात्याला कळवून तो त्याने त्याच दिवशी वरच्या जंगलात सोडला. यजमानीणबाईंनी पिशवीला दुरून नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी सोन्याच्या नागाचं पूजन झालं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

हे घडल्यापासून मी यजमानांशी सापांविषयी मोकळेपणाने बोलते. आपल्याकडे जिवावर बेतणारे दंश मुख्यतः चौघांचे, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. सरकारी दवाखान्यात मिळणारं प्रतिविष याच चौघांवरचं आहे. यांतली मण्यार मला सगळ्यात काळजीची वाटते. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश इतका बारीक की माणसाला कळतही नाही. पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे अपचन समजून ओवा देत बसतात. म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात कोणालाही खाली सतरंजीवर झोपू देत नाही. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. चावल्यावर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही, 108 ला फोन करून दवाखाना गाठायचा.

आणि धामण. तिच्यासाठी मी भांडते. लांबलचक, चपळ, पिवळसर तपकिरी. दिसली की लोक नाग म्हणून ठेचतात, नाहीतर ती म्हशीचे पाय बांधून दूध पिते म्हणून ठेचतात. सापाला दूध पचत नाही आणि आचळाला चोखण्यासारखं त्याचं तोंडही नाही. धामण बिनविषारी आहे आणि उंदीर हे तिचं खाणं. दोन धामणी एकमेकींना पिळा घालून उभ्या राहिल्या की लोक जोडपं समजून त्यावर नवं कापड टाकतात. ते बहुतेक वेळा दोन नर असतात, मादीसाठी झुंजत असलेले. आमच्या गव्हाच्या कोठीमागे एक धामण गेली काही वर्षं येते-जाते. ती असते तेव्हा घुशी आणि उंदीर कमी. उंदीर कमी म्हणजे त्यांच्यामागून येणारा नागही कमी.

बिबट्याबद्दल लिहिताना मात्र हात जड होतो. ब्रह्मगिरीभोवती मेटं आहेत. मेटं म्हणजे ब्रह्मगिरीवरच्या गडाच्या पहाऱ्याच्या चौक्या, ज्यांच्या आता वस्त्या झाल्या आहेत. गंगाद्वार मेट, सुपलीची मेट, महादरवाजा मेट. तिथून आमच्याकडे एक मावशी पावसाळ्यात करटुली आणि शेवळं घेऊन येतात. एकदा पाटी उतरवत सहज म्हणाल्या, "वाघानं कुत्रं नेलं रातीं. उंबऱ्याम्होरून." त्यांच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मी त्यांच्याबरोबर वस्तीवर गेले, तेव्हा चिखलातला माग त्यांनी दाखवला. गोल पंजा, चार बोटं, पण नखांची खूण नाही. कुत्र्याच्या मागात नखं उमटतात, बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. तो माग अंगणातल्या तुळशीपासून पाच पावलांवरून गेला होता.

आमच्या तालुक्यात बिबट्याने लहान मुलं नेली आहेत. ज्या घरातलं मूल गेलं त्या घराला सहजीवनाच्या गोष्टी सांगायला मी जाणार नाही. त्यांचा राग खरा आहे आणि त्यांना भरपाईबरोबर बंदोबस्तही मिळालाच पाहिजे. पण बंदोबस्त म्हणजे दिसेल तो बिबट्या पकडून दुसरीकडे सोडणं, हे चालत नाही, हे महाराष्ट्राने अनुभवलेलं आहे. जुन्नरला 2001 ते 2003 या काळात बिबटे पकडून इतरत्र सोडले, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 17 वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरं येतं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने जवळजवळ 39 टक्के कुत्रीच निघाली. हे वाचलं तेव्हा मला सासूबाईंचं वाक्य आठवलं. खरकट्यावर कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो आणि अंधारात बसलेलं मूल त्याला कुत्र्याएवढंच दिसतं.

म्हणजे पंगतीनंतर मी बादली कुठे रिकामी करते, याचा मेटावरच्या पोराशी संबंध आहे. गावात तीर्थयात्रेने येणाऱ्या माणसांचं खरकटं आणि कचरा गावाच्या कडेला पडतो, आणि ती कडा म्हणजे मेटांची वाट. ही गोष्ट मला झोपू देत नाही. मावशींच्या वस्तीत वाघबारस पाळतात. दिवाळीच्या आधी वाघदेवाच्या दगडाला शेंदूर लावून गुराखी पोरं गुरांसाठी आणि स्वतःसाठी राखण मागतात. त्यांनी आपल्या बाजूने शेजार सांभाळला आहे. आपली बाजू आपण सांभाळत नाही.

त्यात आता 2026-27 चा सिंहस्थ. 2015 च्या कुंभात आम्ही पाहिलं आहे, माणसांचा पूर आला की गाव डोंगरात किती आत घुसतं. रस्ते रुंद होतील, निवारे उभे राहतील, आणि व्हायलाही हवेत, येणारा प्रत्येक जण आमचा यजमान आहे. पण ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी टेकड्या कापण्याचे प्रकार झाले आणि त्याविरुद्ध लोकांना उभं राहावं लागलं, तेही आमच्या डोळ्यांदेखत. डोंगर पोखरला की करवंदीची जाळी जाते, जाळी गेली की ससा आणि भेकर जातं, मग बिबट्याला कुत्र्यावाचून उरतं काय? कुंभाच्या कामांत मला तीन गोष्टी हव्या आहेत. कचरा रोज झाकलेल्या गाडीतून गावाबाहेर जावा, मेटांच्या वाटांवर दिवे लागावेत, आणि तिथल्या प्रत्येक घराला वापरता येईल असा, पाण्याची सोय असलेला संडास असावा, म्हणजे तिन्हीसांजेला पोरांना बाहेर बसावं लागणार नाही.

आम्ही आमच्यापुरतं काम सुरू केलं आहे. सरपण न्हाणीतून काढून जमिनीपासून हातभर उंच लोखंडी घोडीवर रचलं. खरकट्यासाठी झाकणाचा हौद बांधला आणि त्याचं खत परसातल्या सोनचाफ्याला जातं. भटक्या कुत्र्यांना पंगतीचं उरलेलं टाकणं बंद केलं, त्यावरून शेजाऱ्यांनी थोडी कुरबुर केली, पण आता तेही समजून घेत आहेत. सर्पमित्राचा नंबर आणि वनखात्याचा 1926 हे दोन्ही यजमानांच्या खोल्यांत मोठ्या अक्षरांत लावले. मोरीच्या तोंडाला जाळी बसवली. आमच्या ओळीतल्या दोन घरांच्या मोऱ्या अजून उघड्या आहेत; गवंडी या गुरुवारी येतो म्हणालाय, जाळ्या आणून ठेवल्या आहेत.